न्यायालयाआधीचा निवाडा

२०१५ साली दिवाळी ११ नोव्हेंबरला होती आणि सुरत महापालिकेचं मतदान २२ नोव्हेंबरला, रविवारी. सुरतेतल्या उधन्याचे यंत्रमाग दिवाळीनंतर एकदम सुरू होत नाहीत. लाभपंचमीचा मुहूर्त होतो, मालक कारखाना उघडतात, पण नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडे गेलेली खानदेशी माणसं भाऊबीज उरकून, शेतातली कामं आटोपून, सवडीने ताप्ती लाइनच्या गाडीत बसतात. मतदार यादीत नाव उधन्याचं आणि माणूस गावी, हे अशा दिवसांत नेहमीचंच. त्या वर्षी मात्र मत न देणाऱ्याला शंभर रुपये दंड करणारा कायदा गुजरातमध्ये संमत होऊन, राजपत्रात छापून, नियमांसकट तयार होता. आजारपणाची, मतदानाच्या दिवशी राज्याबाहेर असल्याची सूट त्यात होती. पण नोटीस आल्यावर कारण दाखवायची जबाबदारी मतदाराची होती. दिवसपाळी नि रातपाळीच्या चक्रात मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या माणसाला शंभर रुपयांपेक्षा त्या नोटिशीपायी बुडणारा दिवस महाग पडला असता.

तो दंड कुणालाच भरावा लागला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०१५ रोजी सक्तीच्या मतदानाला स्थगिती दिली. मत देण्याच्या हक्कातच मत न देण्याची मोकळीकही येते, असा न्यायालयाचा प्राथमिक कौल होता.

बातमी तेवढीच छापून आली आणि वाचणाऱ्याचा समज असा झाला की कायदा घटनेत बसतो की नाही हा प्रश्न पहिल्यांदा न्यायालयात विचारला गेला. प्रत्यक्षात तो पाच वर्षं आधीच विचारला गेला होता, तोही गांधीनगरच्या राजभवनात. उत्तरही जवळपास तेच आलं होतं.

आपल्या राज्यघटनेने ही तपासणी अनुच्छेद २०० आणि २०१ मध्ये ठेवली आहे. विधानसभेने विधेयक मंजूर केलं की ते राज्यपालांकडे जातं. राज्यपाल संमती देतात, संमती रोखतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. आणि अर्थविधेयक नसेल तर संदेशासह सभागृहाकडे फेरविचाराला परत पाठवू शकतात. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केलं, तर राज्यपालांना संमती रोखता येत नाही. राष्ट्रपतींकडे गेलेल्या विधेयकाची गोष्ट निराळी. तेही परत पाठवता येतं, सभागृहाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा असतो, पण पुन्हा मंजूर झालं तरी राष्ट्रपतींवर सही करण्याचं बंधन नाही.

राष्ट्रपती म्हणजे इथे केंद्रीय मंत्रिमंडळ. राज्याचं विधेयक दिल्लीत पोचतं ते गृह मंत्रालयाच्या टेबलावर. तिथून ते संबंधित मंत्रालयांकडे आणि विधी खात्याकडे फिरतं. गृह मंत्रालय तीन कसोट्या लावतं: केंद्रीय कायद्याशी विसंगती आहे का, केंद्राच्या धोरणापासून फारकत आहे का, आणि कायद्याच्या व घटनेच्या दृष्टीने ते वैध आहे का. मंत्रिमंडळाचा सल्ला ठरला की फाईल राष्ट्रपती भवनात जाते. या तीन कसोट्या एकाच फाईलमध्ये एकत्र असणं, हीच पुढच्या साऱ्या कहाणीतली अडचण आहे. घटनेचा आक्षेप कुठे संपतो आणि सत्ताधाऱ्यांची नापसंती कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही.

घटना लिहिताना यावर विचार झालाच नव्हता, असं नाही. मूळ मसुद्यात राज्यपालांनी ‘स्वविवेकाने’ विधेयक परत पाठवावं अशी तरतूद होती. १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडून ते शब्द काढून टाकले. जबाबदार शासनपद्धतीत राज्यपालाच्या मर्जीला जागा उरत नाही, ही त्यामागची भूमिका. दोन वर्षांनी खुद्द राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांनी हिंदू कोड बिलाबाबत आपल्या विवेकाने निर्णय घेण्याची इच्छा पंतप्रधान नेहरूंना कळवली, तेव्हा मुंबईच्या वकिलीतून वर आलेले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत असं मत दिलं. म्हणजे व्यक्तीने एकट्याने कायदा अडवायचा नाही, हे ठरलं. पण मंत्रिमंडळाने अडवला तर त्याने कारण कुणाला सांगायचं, हे राहूनच गेलं.

गुजरातच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आला तो महाराष्ट्राच्या एका कायद्यामुळे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का महाराष्ट्राने १९९९ साली केला आणि त्याला राष्ट्रपतींची संमती त्याच वर्षी मिळाली. फोनवरचं बोलणं ऐकून ते पुरावा म्हणून वापरणं, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरणं, आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, जामिनाच्या कडक अटी, हे सगळं त्यात होतं. नरेंद्र मोदी मुख्यमंत्री असताना २००३ मध्ये गुजरात विधानसभेने जवळपास हाच साचा उचलून गुजकोक विधेयक मंजूर केलं आणि दिल्लीला पाठवलं.

मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्येच मोक्कातली फोन ऐकण्याची कलमं रद्द केली होती. तार-दूरध्वनी हा केंद्राचा विषय, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही, असा तो निकाल. दिल्लीत तेव्हा वाजपेयींचं सरकार होतं, म्हणजे गुजरात आणि केंद्र दोन्हीकडे एकाच पक्षाची सत्ता. तरीही २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, फोन ऐकण्याची कलमं गाळा असं सांगून विधेयक परत पाठवलं. गुजरातने ती गाळली आणि विधेयक पुन्हा मंजूर केलं. गुजकोकच्या सगळ्या इतिहासात ही एकच फेरी अशी आहे की जिच्यात तपासणी जशी व्हावी तशी झाली. आक्षेप नेमका होता, सुधारणा करण्याजोगा होता, आणि पक्ष पाहून घेतलेला नव्हता.

पुढे केंद्रातलं सरकार बदललं. दहशतवादविरोधी पोटा कायदा रद्द झाला. गुजकोक दिल्लीत पडून राहिलं. सप्टेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा निकाल फिरवला आणि मोक्कातली फोन ऐकण्याची कलमं वैध ठरवली. जामिनाच्या एका पोटकलमातले काही शब्द तेवढे काढून टाकले. आता ज्या कारणासाठी गुजरातचं विधेयक २००४ मध्ये परत गेलं होतं, ते कारणच संपलं होतं. तरीही जून २००९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते पुन्हा परत पाठवायचं ठरवलं. या वेळचा आक्षेप पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबावर होता, आणि कोठडी-जामिनाची कलमं केंद्राच्या दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याशी जुळवून घ्या, असंही सांगण्यात आलं. राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील, जळगावात वकिली केलेल्या, एदलाबादमधून आमदार झालेल्या, उधन्यातल्या हजारो घरांच्या मुलखातल्या. अर्थात सल्ला मंत्रिमंडळाचा होता. सही त्यांच्या पदाची.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब धोकादायक आहे, हे म्हणणं पटण्यासारखंच आहे. ज्या वस्तीत पोलीस चौकीत नेलेल्या पोरासाठी जामीनदार शोधायलाही मालकाच्या दारात उभं राहावं लागतं, तिथे मार देऊन लिहून घेतलेला जबाब पुरावा व्हावा, याची भीती खरी आहे. पण टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यातली तशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात वैध ठरवली होती आणि महाराष्ट्रात तर ती रोज वापरली जात होती. मग २००९ चा आक्षेप घटनेचा होता की धोरणाचा? धोरणाचा असेल तर तो उघडपणे धोरण म्हणून मांडायला हवा होता, आणि मोक्कातलंही तेच कलम बदलायला सांगायला हवं होतं. तसं झालं नाही. गुजरात विधानसभेने जुलै २००९ मध्ये विधेयक काहीही न बदलता पुन्हा मंजूर केलं, आणि ते पुन्हा दिल्लीत पडून राहिलं.

याचा परिणाम कसा होता, हे पाहायचं तर उधन्याहून जळगावच्या गाडीत बसावं. ही लाइन मुंबई-अहमदाबाद मार्गापासून उधन्याला फुटते, बारडोली-व्यारा मागे टाकते आणि नवापूरला पोचते. नवापूर स्थानकाच्या मधून राज्याची हद्द जाते. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. हद्दीवर ठेवलेल्या बाकड्यावर अर्धं अर्धं दोन्ही राज्यांचं नाव रंगवलेलं. १९९९ ते २०१९ अशी वीस वर्षं या फलाटाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला संघटित गुन्ह्याच्या खटल्यात पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा होता आणि गुजरातकडच्या टोकाला नव्हता. घटना दोन्ही टोकांना एकच. फरक होता तो एवढाच की एका राज्याची फाईल १९९९ च्या दिल्लीत गेली आणि दुसऱ्याची २००३ नंतरच्या.

गुजकोक दिल्लीत अडकलं असताना राजभवनातही एक विधेयक अडकलं होतं, आणि ते उधन्यातल्या काही मराठी घरांना थेट लागू पडणारं होतं. सप्टेंबर २००६ मध्ये गुजरात विधानसभेने धर्मस्वातंत्र्य कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. तिच्यात जैन आणि बौद्ध हे हिंदू धर्माचेच पंथ धरले होते. म्हणजे हिंदू, जैन, बौद्ध यांच्यातलं जाणं-येणं धर्मांतर ठरणार नव्हतं. वरवर पाहता सवलत. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्यांच्या, आणि त्यानंतर खानदेशात बौद्ध झालेल्यांच्या मुलानातवंडांसाठी ती सवलत नव्हती. हिंदू धर्म सोडला, असं बाबासाहेबांसोबत शपथेवर सांगून घेतलेला धर्म कायद्याने परत हिंदू धर्मात गुंडाळणं, हा त्या शपथेचाच इन्कार होता. जैन समाजातूनही विरोध झाला.

राज्यपाल नवलकिशोर शर्मा यांनी जुलै २००७ मध्ये विधेयक परत पाठवलं. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ शी ते विसंगत आहे, असं कारण देऊन. सरकारने २००८ मध्ये ते मागे घेतलं. इथे एकही खटला भरावा लागला नाही, एकाही कुटुंबाला वकील लावावा लागला नाही. कार्यकारी सत्तेच्या या अधिकाराची ताकद कुठे आहे, ते या प्रसंगात नीट कळतं. न्यायालयात जायला कुणीतरी आधी घायाळ व्हावं लागतं आणि मग तारखा मोजाव्या लागतात. राजभवनातलं एक कारणासह लिहिलेलं पत्र ते सगळं टाळू शकतं.

म्हणूनच सक्तीच्या मतदानाची गोष्ट जास्त सलते. १९ डिसेंबर २००९ रोजी मंजूर झालेल्या त्या विधेयकात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: स्थानिक स्वराज्य संस्थांत मतदानाची सक्ती आणि महिलांसाठी पन्नास टक्के राखीव जागा. दुसरी गोष्ट बहुतेकांना मान्य होती, पहिली विरोधी पक्षाला नव्हती. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी एप्रिल २०१० मध्ये ते परत पाठवलं. मतदाराला मत द्यायला भाग पाडणं अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, आणि महिला आरक्षण वेगळं करून आणा, असा त्यांचा संदेश होता.

इथपर्यंत सगळं घटनेला धरून झालं. आक्षेप स्पष्ट होता, कारण जाहीर होतं, आणि महिलांचं आरक्षण वाचवण्याची वाटही दाखवलेली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय मतदान यंत्रावर आणला, तेव्हा नकाराच्या हक्काला आणखी आधार मिळाला.

राज्यपालांनी सुचवलेली वाट सरकारने धरली नाही. मार्च २०११ मध्ये विधानसभेने विधेयक जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं. आता अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपालांना संमती रोखता येत नव्हती. त्यांनी रोखलीही नाही आणि दिलीही नाही. जुलै २०१४ मध्ये त्यांची मिझोरमला बदली होईपर्यंत विधेयक राजभवनात पडून राहिलं. तोवर केंद्रात सत्ताबदल झाला होता. ओमप्रकाश कोहली राज्यपाल झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सही झाली. बेनीवाल यांचा आक्षेप बरोबर होता, हे पुढे उच्च न्यायालयाच्या स्थगितीने दिसलं. पण बरोबर असलेला आक्षेप तीन वर्षं गप्प बसून लावून धरण्याचा अधिकार घटनेने त्यांना दिलेला नव्हता. आणि दोन गोष्टी सोडायच्या नाहीत, हा सरकारचा हट्टही तेवढाच जबाबदार होता.

त्या हट्टाची आणि त्या मौनाची किंमत बायकांनी मोजली. सुरत महापालिका आणि पुणे महापालिका यांचा मूळ कायदा एकच, मुंबई राज्याचा १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा. १९६० ला राज्यं वेगळी झाली, तरी दोन्हीकडे तोच चालत राहिला. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्यात पन्नास टक्के महिला आरक्षण घातलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये पुण्याचं अर्धं सभागृह महिलांचं झालं. गुजरातने आपल्या विधानसभेत हे २००९ मध्येच मंजूर करून घेतलं होतं. तरी सुरतेतल्या ११६ जागांपैकी ५८ महिलांसाठी राखीव व्हायला नोव्हेंबर २०१५ उजाडावं लागलं. उधना, लिंबायत, दिंडोलीसारख्या वस्त्यांत पाण्याची रांग, शौचालय, महापालिकेच्या मराठी शाळेचा वर्ग यासाठी रोज भांडणाऱ्या बायकांना मध्ये एक अख्खी निवडणूक, २०१० ची, जुन्या हिशोबाने काढावी लागली.

गुजकोकचं काय झालं? आनंदीबेन पटेल मुख्यमंत्री असताना ३१ मार्च २०१५ रोजी विधानसभेने त्याला दहशतवादाची जोड देऊन गुजसीटोक या नव्या नावाने मंजूर केलं. फोन ऐकण्याची कलमं पुन्हा आत आली आणि कबुलीजबाबाचं कलम कायम राहिलं. केंद्रात आता त्याच पक्षाचं सरकार होतं, तरी जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींकडून फाईल अधिक माहितीसाठी गृह मंत्रालयाकडे परत आली. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी रामनाथ कोविंद यांची संमती मिळाली आणि १ डिसेंबरपासून कायदा लागू झाला. पुढच्या वर्षांत सुरत पोलिसांनी तो शहरातल्या टोळ्यांवर लावला. नवापूरच्या फलाटाची दोन्ही टोकं आता सारखी झाली. २००९ मध्ये जो कबुलीजबाब दिल्लीला खटकला होता, तो २०१९ मध्ये का खटकला नाही, याचं उत्तर कायद्यात नाही. मधल्या दहा वर्षांत घटनेचं संबंधित कलम बदललेलं नाही.

संमती म्हणजे नुसता शिक्का नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं होतं, तेही मुंबईच्या गिरण्या चालवणाऱ्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एका खटल्यात. मुंबईच्या भाडेकायद्याला राष्ट्रपतींची संमती होती, पण ती मागताना सार्वजनिक जागा रिकाम्या करण्याच्या केंद्रीय कायद्याचा उल्लेखच केलेला नव्हता. जो संघर्ष राष्ट्रपतींपुढे ठेवलाच नाही, त्यावर संमतीही मिळाली असं धरता येणार नाही, असं घटनापीठाने ठरवलं आणि केंद्रीय कायदा वरचढ ठरला. म्हणजे फाईलमध्ये काय लिहिलं होतं, यावर भाडेकरूचं घर ठरलं. असं असेल तर ती फाईल गुप्त का?

विधेयकं अडवून ठेवण्याचा प्रश्न अलीकडे दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ८ एप्रिल २०२५ रोजी, तामिळनाडूच्या खटल्यात, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि आर. महादेवन यांनी राज्यपाल-राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या आणि विधेयक घटनाबाह्य वाटत असेल तर केंद्राने स्वतः न्यायाधीश न होता अनुच्छेद १४३ खाली न्यायालयाचा सल्ला घ्यावा, असं म्हटलं. त्यावर राष्ट्रपतींनीच न्यायालयाला प्रश्न विचारले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने उत्तर दिलं: न्यायालय मुदती ठरवू शकत नाही, मानीव संमती असं काही नसतं, आणि राष्ट्रपतींनी प्रत्येक वेळी न्यायालयाचा सल्ला घ्यायलाच हवा असं नाही. मात्र कारण न देता दीर्घकाळ विधेयक अडवून ठेवलं, तर निर्णय घ्या, एवढं सांगण्यापुरतं न्यायालय लक्ष घालू शकेल.

मुदतीचा वाद त्यामुळे बराचसा मिटला. कारणांचा मिटलेला नाही. राज्यपाल विधेयक परत पाठवतात तेव्हा संदेश सभागृहापुढे येतो, म्हणून शर्मांचं अनुच्छेद २५ आणि बेनीवाल यांचं अनुच्छेद २१ आपल्याला आज माहीत आहे, त्यावर वाद घालता येतो. दिल्लीतून संमती मिळते तेव्हा मात्र राजपत्रात फक्त कायदा आणि तारीख छापली जाते. विधी खात्याने त्या कलमांबद्दल काय लिहिलं होतं, ते त्याच राजपत्रात संमतीखाली छापायला घटनेची काहीच आडकाठी नाही. गुजसीटोक कायद्याखाली अटक झालेल्याच्या वकिलाला न्यायालयात उभं राहताना २००४, २००९ आणि २०१६ चे अभिप्राय हाताशी असले असते, तर त्याला सरकारच्याच तीन जुन्या शंका सरकारपुढे ठेवता आल्या असत्या.